एक मीटर वीस

रस्ते खात्यात तिला सगळे इंजिनिअरबाई म्हणत. खात्यात इंजिनिअर सतरा होते आणि बाई एकच, त्यामुळे नावाची गरज कुणाला पडलीच नाही. नोकरीला तेवीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची सहा शहराच्या मधल्या भागातले रस्ते सांभाळण्यात गेली, जिथे घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत, दुकानं फूटपाथवर उतरलेली आहेत आणि रस्ता मात्र आजोबांच्या काळात होता तेवढाच आहे.

त्या गुरुवारी दुपारी बातमी घेऊन आला पेन्सिल. पेन्सिल म्हणजे खात्याचा ड्राफ्ट्समन. सगळं काम संगणकावर जाऊन पंधरा वर्षं झाली तरी या गृहस्थाच्या कानामागची पेन्सिल हलली नव्हती. एरवी दारातून आत येता येताच अर्धी गोष्ट सांगून मोकळा होणारा माणूस, आज दाराची कड धरून नुसता उभा राहिला.

"बाजाररस्त्यावर एक सायकलवाली गेली, बाई."

"गेली म्हणजे? पडली?"

"गेली."

ती खुर्चीत मागे टेकली. "कुठे?"

"चष्म्याच्या दुकानासमोर. उभ्या गाडीतल्या माणसानं दार उघडलं. ती दारावर आदळून रस्त्यात पडली आणि मागून बस येत होती. बसवाल्यानं ब्रेक दाबला म्हणतात, पण बस काय जागच्या जागी थांबते? हॉस्पिटलात नर्स होती. सकाळची पाळी संपवून घरी निघालेली."

तिला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, पण तो विचारल्याशिवाय राहवेना.

"पट्ट्यात होती का?"

पेन्सिलनं जमिनीकडे बघितलं. "पट्ट्यातच होती. अगदी मधोमध."

तो पट्टा तिनं काढलेला होता. म्हणजे रंगवला ठेकेदाराच्या माणसांनी, पण कागदावर तिनं आखला होता, आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात सही तिची होती.

खरं तर तिचा पहिला आराखडा निराळाच होता. बाजाररस्ता एका फूटपाथपासून दुसऱ्या फूटपाथपर्यंत बारा मीटर. त्यात येणाऱ्या आणि जाणाऱ्या गाड्यांना तीन-तीन मीटर द्यायचे. गाड्या उभ्या करायच्या त्या एकाच बाजूला. मग जी जागा उरेल तीत दोन्हीकडे, फूटपाथला अगदी लागून, सायकलींचा रस्ता करायचा आणि सायकल आणि गाडी यांच्यामध्ये घोट्याएवढा उंच दगडी कठडा घालायचा. उभ्या गाड्या कठड्याच्या पलीकडे. दार उघडलं तरी ते कठड्यावर उघडेल, सायकलवर नाही. हा आराखडा करायला तिला चार महिने लागले होते. बाजाररस्त्याचं प्रत्येक गटाराचं झाकण, प्रत्येक दिव्याचा खांब तिला पाठ झाला होता. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणायचा, "हिला झोपेत विचारा, औषधाच्या दुकानापासून बसथांब्यापर्यंत किती मीटर, उत्तर देऊन परत कुशीवर वळेल."

पण एका बाजूच्या उभ्या गाड्या जाणार म्हटल्यावर बाजार खवळला. दुकानदारांच्या मंडळाचे अध्यक्ष होते चष्म्याच्या दुकानाचे मालक, सगळ्यांचे चष्मेवाले. माणूस तसा सज्जन, पण दुकानाच्या दारात गाडी थांबली नाही तर गिऱ्हाईक थांबत नाही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"गिऱ्हाईक काय आता सायकलवर येऊन चष्मा नेणार?" त्यांनी दुकानदार-रहिवाशांच्या भर सभेत विचारलं होतं.

"नेतील की," ती म्हणाली होती. "उलट जाताना त्यांना रस्ता नीट दिसेल."

लोक हसले. पण हसण्यावर रस्ते होत नसतात. साहेबांनी दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. साहेब बाजाररस्त्यावर कधी पायी फिरलेले कुणाला आठवत नव्हतं. ते उंटावरून शेळ्या हाकत आणि त्या बऱ्यापैकी हाकल्या जात. ते म्हणाले, गाड्या दोन्ही बाजूंना राहू द्या, कठडा काढा आणि उभ्या गाड्यांच्या बाहेरच्या अंगाला रंगाचा पट्टा ओढा. दोन्हीकडे एक मीटर वीस. तिनं फाइलला अर्ध्या पानाची टीप जोडली: उभ्या गाडीचं दार या पट्ट्यात उघडेल, सायकलस्वार वाहत्या रस्त्यावर फेकला जाईल. साहेबांनी टीप वाचली, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "ही टीप असेल तर फाइल पुढे जाणार नाही. मग पट्टाच नको. तुम्ही ठरवा."

तिनं दोन दिवस विचार केला. काहीच नसण्यापेक्षा रंगाचा पट्टा बरा. दगडापेक्षा वीट मऊ. आज पट्टा आला तर उद्या कठडाही येईल. असं सगळं मनाशी घोळवून तिसऱ्या दिवशी तिनं फाइलमधून ते अर्धं पान काढून घेतलं आणि सही केली.

आणि आता पेन्सिल दारात उभा होता.

शुक्रवारी तिला तिकडे जायचा धीर झाला नाही. शनिवार-रविवार घरात ती माणसात नव्हती. नवऱ्यानं दोनदा चहा पुढे ठेवला आणि दोनदा तसाच उचलून नेला. सोमवारी अकरा वाजता ती बाजाररस्त्यावर गेली. चष्म्याच्या दुकानासमोर पोलिसांच्या खडूच्या खुणा अजून पुसट दिसत होत्या. त्या खुणांच्या जवळ एक साठी उलटलेली बाई गुडघे टेकून बसली होती आणि कपड्याची मापं घ्यायच्या टेपनं रस्ता मोजत होती. शेजारून गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या.

"मावशी, काय करताय? उठा, गाड्या येतायत."

"येऊ देत," मावशी वर न बघता म्हणाल्या. "पट्ट्यात आहे ना मी. पट्ट्यात कुणी यायचं नाही, असाच नियम आहे ना?"

मावशींनी टेपचं एक टोक तिच्याकडे केलं. "आलाच आहात तर हे धरा. त्या पांढऱ्या रेघेवर. ताणू नका, नुसतं टेकवा."

तिनं टोक धरलं. मावशींनी दुसरं टोक आतल्या रेघेवर ठेवलं आणि आकडा वाचला. "सत्तेचाळीस इंच."

मग त्या उठल्या, तिथेच उभ्या असलेल्या एका गाडीच्या काचेवर टकटक केलं आणि आतल्या माणसाला म्हणाल्या, "अहो, जरा दार उघडता का? पूर्ण उघडा. हां, आता हलवू नका." त्या माणसाला काही कळलं नाही, पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की त्यानं मुकाट्यानं दार उघडलं आणि धरून बसला. मावशींनी दाराच्या टोकापासून बाहेरच्या रेघेपर्यंत टेप लावला.

"बारा."

त्यांनी टेपवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "बारा इंच. माझ्या सुनेच्या खांद्यांचं माप साडेचौदा. तिचे सगळे कपडे मीच शिवायचे. बारा इंचांत साडेचौदाचं माणूस कसं बसवायचं, सांगा."

गाडीतला माणूस हळूच म्हणाला, "बंद करू का दार?" आणि दोघींनी एकदमच मान डोलावली.

फूटपाथच्या कडेला बसून मावशींनी तिला सगळं सांगितलं. अनोळखी माणसाला सांगतात तसं, अडखळत नाही आणि थांबतही नाही. चाळीस वर्षं शिवणकाम करून त्यांनी एकट्यानं मुलगा वाढवला. मुलाचं लग्न झालं, सून घरात आली आणि दोघींचं असं जमलं की मुलगा म्हणायचा, या घरात सासरी आलोय तो मी. सून हॉस्पिटलला दोन बस बदलून जायची. पाय सुजायचे. पट्टा रंगवला गेला तेव्हा मावशीच म्हणाल्या, आता घे सायकल. मुलगा नको म्हणत होता. मावशींनी त्याला गप्प केलं.

"आणि रोज सकाळी निघताना मी दारातून ओरडायचे, पट्टा सोडू नकोस गं. रोज. ती हसायची, आई, लहान आहे का मी?" मावशी टेप बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. "नाही सोडला हो तिनं. सोडला असता, चार हात बाहेरून गेली असती तर ते दार लागलंच नसतं. मीच तिला त्या दारात उभं केलं."

"असं नका म्हणू, मावशी."

"मग कसं म्हणू?" मावशींनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही कोण?"

"मी रस्ते खात्यात असते."

"म्हणजे हा पट्टा तुमच्या खात्याचा. कुणी काढला?"

आत्ता सांगायला हवं होतं. तिला ते तेव्हाही कळलं, पुढे तर अनेकदा कळलं. पण तोंडातून शब्द आला तो भलताच.

"खात्यानं," ती म्हणाली.

मावशींनी मान डोलावली. खातं म्हणजे काय, कुणाला जाब विचारायचा, हे काही त्यांना कळलं नाही. "मग खात्याला सांगा, मला बघायचंय तो कागद."

मंगळवारी मावशी खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर हजर. पेन्सिलनं त्यांना आपली खुर्ची दिली, वर उशीही आणून ठेवली. इंजिनिअरबाईनं त्यांच्यापुढे तिचा पहिला आराखडा पसरला, कठड्याचा. साहेबांना तिनं सकाळीच सांगितलं होतं की तो आराखडा ती पुन्हा सभेपुढे नेणार आहे. साहेब नाही म्हणाले नव्हते. एक माणूस मेल्यावर साहेब सहसा नाही म्हणत नाहीत.

मावशींनी आराखड्यावर वाकून बोट फिरवलं. तिला वाटलं, समजावून सांगावं लागेल. पण मावशी म्हणाल्या, "सरळ आहे की. रस्त्याचं कटिंगच हे. हा पाठीचा भाग, या दोन बाह्या, आणि ही मधली बारीक पट्टी म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं कापड."

"तो कठडा आहे."

"तेच म्हणते मी. शिलाईला जागा सोडली नाही तर कपडा पहिल्या दिवशीच उसवतो." त्यांचं बोट औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर थांबलं. "हे वळण इतकं टोकदार का? गाड्यांना वळायला जड जाईल."

"जड जावं म्हणूनच. कोपरा गोल दिला की गाडी वेग न कमी करता वळते आणि सायकल मध्ये सापडते. टोकदार दिला की थांबत थांबत वळावं लागतं."

"म्हणजे मुद्दाम घट्ट शिवायचं."

"हो. मुद्दाम घट्ट."

मावशी त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. हसू चेहऱ्यावर आलं आणि कुठे बसावं ते न कळल्यासारखं लगेच निघून गेलं.

मग दर मंगळवारी त्या येऊ लागल्या. दोघी बाजाररस्त्यावर जायच्या, दुकानादुकानांतून फिरायच्या. सामानाचे ट्रक किती वाजता येतात, कुणाचं दार कुठल्या बाजूला उघडतं, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना कुठे उतरावं लागतं, सगळं लिहून घ्यायच्या. इंजिनिअरबाईला जी माहिती सहा वर्षांत मिळाली नव्हती ती मावशींना उंबरठ्यावर उभ्या उभ्या मिळायची, कारण निम्म्या बाजारानं कधी ना कधी त्यांच्याकडून कपडे शिवून घेतले होते. चपलांच्या दुकानदाराला त्या म्हणाल्या, "तुझ्या लग्नातली पँट मी दोनदा सैल करून दिली आहे, आता तू दोन गाड्यांची जागा सोड." त्यानं सोडली.

तिसऱ्या मंगळवारी बोलता बोलता मावशी तिला "अगं, चष्मा पूस तुझा, धूळ बसलीये" असं म्हणाल्या आणि त्या दिवसापासून "तुम्ही"चं "तू" झालं. तिची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिला असं अगं-तूगं करणारं माणूस उरलं नव्हतं.

"सांगितलंस?" नवरा सकाळी विचारायचा. त्याला तिनं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं.

"पुढच्या मंगळवारी सांगते."

"गेल्या मंगळवारीही तू पुढच्याच मंगळवारी म्हणाली होतीस. या हिशोबानं तो मंगळवार येणारच नाही."

एकदा तिनं मनाशी अगदी पक्कं केलं. मावशी आल्या, बसल्या. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात मावशींनी पिशवीतून एक निळा शर्ट काढला. "हिचा. नातीच्या मापाचा करतेय. नऊ वर्षांची आहे, आईचा वास येतो म्हणते. धुवायला देत नाही." त्या शर्टाच्या खांद्याची शिवण उसवलेली होती आणि मावशींनी ती दोन बोटांत धरली होती. तिचे शब्द जिथल्या तिथे राहिले. आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं की राहिले. मावशींना कळलं की त्या येणार नाहीत, एवढंच त्या वेळी तिच्या मनात होतं. त्यांना काय वाटेल हा विचार नंतरचा.

सभा भरली ती आठव्या मंगळवारनंतरच्या शुक्रवारी, सकाळी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. दीडशे माणसं. मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी त्यांचा मुलगा. तिनं त्याला पहिल्यांदाच बघितलं: उंच, खांदे पडलेला, हातांचं काय करावं ते न कळणारा. तिनं आराखडा दाखवला. चपलांचे दुकानदार उठून बाजूनं बोलले, औषधवाले बोलले. वारं फिरलंय असं वाटायला लागलं. तेव्हा चष्मेवाले उठले.

त्यांचा आवाज खाली आलेला होता. अपघात त्यांच्या दारात झाला होता आणि तेव्हापासून तेही नीट झोपत नव्हते, असं लोक सांगत. पण जे विचारायचं ते त्यांनी विचारलं.

"मला त्या मुलीबद्दल वाईट वाटतं. तिची सासू इथे बसली आहे, त्यांच्यासमोर मान वर करून बोलायला मला जड जातंय. पण एक सांगा. पट्टा रंगवला तेव्हा हेच खातं होतं. खात्यानं सही करून सांगितलं की हा पट्टा सुरक्षित आहे. आता तेच खातं सांगतंय की तो धोक्याचा होता. मग खातं खोटं बोललं ते तेव्हा की आत्ता? आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

साहेब कागद चाळायला लागले. त्यांनी घसा खाकरला आणि "तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर" एवढं म्हणाले. तिला माहीत होतं, पुढचं वाक्य गुळमुळीत असणार, आणि त्या गुळमुळीत वाक्यात कठडा बुडणार. ती उठून उभी राहिली.

"तेव्हा," ती म्हणाली. "खोटं तेव्हा बोललं गेलं. आणि खात्यानं नाही, मी. त्या पट्ट्यावर सही माझी आहे. गाडीचं दार त्यात उघडेल हे मला माहीत होतं. मी तसं लिहिलंही होतं, अर्धं पान. फाइल अडू नये म्हणून ते पान मी स्वतः काढून घेतलं. ते माझ्याकडे आहे." तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "तेव्हा खरं बोलले असते तर पट्टा झाला नसता, आणि ती बाई बसनं घरी गेली असती. आज खरं बोलतेय. हा कठडा सोडून दुसरं काहीही केलंत तर पुन्हा कुणीतरी मरेल."

चष्मेवाले खाली बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि बसल्या बसल्याच म्हणाले, "माझा विरोध नाही."

तिनं पहिल्या रांगेकडे बघितलं. मावशी तिच्याकडेच बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यात ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि ते भलतंच निघावं, तसं काहीतरी होतं. त्या उठल्या, मुलाच्या हाताला धरून रांगेतून बाहेर पडल्या आणि हॉलच्या दारातून निघून गेल्या. हात वर करून मतदान झालं तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. आराखडा मंजूर झाला.

पुढच्या मंगळवारी पेन्सिलनं सवयीनं उशी खुर्चीवर ठेवली. संध्याकाळी उचलून कपाटात ठेवली.

आणखी दोन मंगळवार गेले आणि मग ती त्यांच्या घरी गेली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला कापडांचे गठ्ठे, जिन्याखाली एक सायकल प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली. नात शाळेत गेली होती, मुलगा कामावर. मावशींनी दार उघडलं, तिला बघितलं आणि बाजूला झाल्या.

"या. बसा."

त्या एका "या"नं तिला कळायचं ते कळलं. तरी ती बसली.

"मावशी, मी माफी मागायला आले नाही. म्हणजे, मागायलाच आले, पण कशी मागायची ते मला कळत नाही."

मावशी मशीनवर बसल्या. पाय पायडलवर ठेवला, पण मशीन चालवलं नाही. "तुमच्या सहीचा मला राग नाही," त्या म्हणाल्या. "असेलही, पण तो मला पेलता येईल. माणूस चुकतो. साहेबानं कात्रीत धरलं, तुम्ही सही केलीत. मी समजू शकते. मी काय कमी चुकले?"

"तुमची काही चूक नव्हती."

"थांबा. मला बोलू द्या." मावशींनी कापडावरून हात फिरवला. "मी तिला त्या पट्ट्यात घातलं, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं. ओळख ना पाळख, फूटपाथवर बसून सांगितलं. जे मी माझ्या मुलालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. आणि तुम्ही ऐकून घेतलंत. म्हणालात, असं नका म्हणू. तेव्हा तुमच्याजवळही तसंच होतं सांगण्यासारखं. तेवढं बोलला असतात, तर आपण दोघी मिळून रडलो असतो. मला कुणीतरी सोबत मिळाली असती त्याच्यात." त्यांचा आवाज इथे पहिल्यांदा फुटला. "आठ मंगळवार मी एकटीच गुन्हेगार म्हणून तुमच्यासमोर बसले, बाई. तुम्ही मला बसू दिलंत."

ती रडली. मावशी रडल्या नाहीत. त्यांनी उठून पाण्याचा पेला आणून दिला आणि ती पिईपर्यंत उभ्या राहिल्या.

"मी काय करू?" तिनं विचारलं.

"काही नको. रस्ता करा. नीट करा."

दारापर्यंत मावशी सोडायला आल्या. जिना उतरताना मागे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी बघितलं. दार लागलेलं होतं.

रस्ता व्हायला सात महिने लागले. रोज सकाळी आठला ती तिथे असायची. कठड्याचे दगड एका रेषेत बसले नाहीत तर उखडून पुन्हा बसवायला लावायची. ठेकेदार पेन्सिलला म्हणाला, "या बाईंना घरदार आहे की नाही?" पेन्सिल म्हणाला, "आहे. पण सध्या त्या इथेच राहतात." काढून घेतलेल्या पानाची चौकशी बसली. साहेबांचं नाव चौकशीत कुठून आलं आणि कुठून गेलं ते कुणालाच कळलं नाही. तिच्या नोंदीत एक ताशेरा बसला, आणि काम संपलं की तिची बदली मलनिःसारण खात्यात होईल असं ठरलं. नवरा म्हणाला, "चला, म्हणजे आता तुझं काम जमिनीखाली. निदान तिथे कुणी गाड्या उभ्या करणार नाही." ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून तो तोच विनोद आठवडाभर करत राहिला.

मावशींचा मुलगा एकदा रस्त्याच्या कामावर येऊन गेला. बसवाल्यावर आणि दार उघडणाऱ्यावर खटला चालू होता, त्यासाठी त्याला त्या अर्ध्या पानाची प्रत हवी होती. तिनं ती सही-शिक्क्यानिशी दिली. तो प्रत घडी घालून खिशात ठेवत म्हणाला, "आई बरी आहे." तिनं विचारलं नव्हतं. तो आणखी काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली, पण तो कठड्यावरून पाय उचलून फूटपाथवर चढला आणि गर्दीत मिसळला.

उद्घाटनाला मावशी आल्या नाहीत. त्यांना आमंत्रण पाठवायचं की नाही यावर तिनं चार दिवस घालवले आणि शेवटी पाठवलं नाही. नंतर चष्मेवाल्यांनी सांगितलं की त्या बाजारात येतच नाहीत आता, दोरे-बटणं दुसऱ्या पेठेतून आणतात, लांब पडतं तरी. चष्मेवाल्यांनी दुकानाच्या दारात एक बाक ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला. तिनं तिथे बसावं असं त्यांनी दोनदा म्हटलं. ती बसली नाही.

बदलीच्या आधीचा शेवटचा आठवडा मोजणीचा होता. नवा रस्ता झाला की किती सायकली जातात ते मोजावं लागतं. यंत्रं बसवलेली होती, पण तिचा यंत्रावर पूर्ण विश्वास नव्हता. कागद-पेन घेऊन ती दुपारी दोन वाजता बाजाररस्त्यावर उभी राहिली. सायकली येत होत्या. टपालवाला, कॉलेजच्या पोरी, पाठीमागे शिडी बांधलेला रंगारी, एक आजोबा जे इतके हळू जात होते की मागच्यांनी रांग लावली होती. हॉस्पिटलची सकाळची पाळी सुटली तसे दोघी-तिघी नर्सही आल्या, बोलत, एकीच्या मागे एक. ती मोजत राहिली. मोजता मोजता कधीतरी ती एक पाऊल पुढे सरकली असावी.

"ओ बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. घंटी खणखणली. "बाजूला व्हा की! सायकलचा रस्ता आहे हा, दिसत नाही का?"

हँडलला दोन पिशव्या लटकवलेली एक जाडजूड बाई पाय टेकून, वैतागून तिच्याकडे बघत होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली आणि घाईघाईनं फूटपाथवर चढली.

"बघून उभं राहत जा," ती बाई म्हणाली, आणि पॅडल मारत, पिशव्या सावरत निघून गेली. दोनशे एकोणऐंशी. तिनं आकडा लिहिला आणि पुढची सायकल येते का ते बघत उन्हात उभी राहिली.